तुम्ही विचारलंत म्हणून: भाजी विकत मिळते, मग बाग कशाला?

‘एवढी कंबर मोडून पिकतं काय, तर टोपलीभर भाजी. त्यापेक्षा तिथे घरं होऊ देत की!’ शहरानं भाड्यानं दिलेल्या माझ्या अलॉटमेंटबद्दल, त्या जमिनीच्या तुकड्याबद्दल, हे मी वर्षानुवर्षं ऐकते आहे.

भाजीबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. एके काळी मात्र मीही भाजीचाच हिशेब मांडायचे. आमच्या बागेवर घरांची योजना आली तेव्हा सुनावणीत बोलायला सगळ्यांनी मला पुढे केलं. मी वर्षभर तोललेल्या भाजीची वही घेऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये असे सुमारे १४ लाख तुकडे कसले जात होते, हेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी वहीतली बेरीज पाहिली. ‘एवढी भाजी विकत घेता येईल. शिवाय तेवढ्याच क्षेत्रफळाची पर्यायी जागा देतोच आहोत.’ मला काही सुचेना. खाली बसले.

बाहेर आल्यावर शेजारच्या तुकड्यातले आजोबा म्हणाले, ‘पोरी, मातीबद्दल तू बोललीच नाहीस.’

बावीस वर्षं पालापाचोळा आणि शेणखत जिरवून त्यांनी ती माती काळी केली होती. ढेकूळ बोटांनी फोडून आतली ओल कशी बघायची, हे त्यांनीच मला शिकवलं. मशीन आलं त्या सकाळी आम्ही दोघं कुंपणाबाहेर उभे होतो. वरचा हातभर थर खरवडून ट्रकमध्ये राडारोड्यावर ओतला. दुपारच्या आत सगळं संपलं. आजोबांनी थोडी माती न्यायला पोतं आणलं होतं, पण त्यांना आत सोडलं नाही. त्यांनी ते रिकामं पोतं नीट घडी करून बगलेत धरलं. पर्यायी जागा त्यांनी घेतलीच नाही. ‘आता आणखी बावीस वर्षं कुठून आणू?’

बाग फक्त भाजीसाठी नसते, हेही सांगता आलं असतं. जर्मनीत अशा तुकड्यांना ज्याचं नाव पडलं तो श्रेबर संघ लाइपझिग शहरात १८६४ साली निघाला तो मुलांच्या मैदानासाठी. कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलं कंटाळली आणि कुदळ आईबापांच्या हाती आली. नेदरलँड्समध्ये ३० बागकऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. आधी मुद्दाम ताण दिला, मग काहींना अर्धा तास बागेत काम, काहींना घरात वाचन. ताणाचं संप्रेरक बागेत जास्त उतरलं. हे त्या दिवशी सांगितलं असतं तर बाग वाचली असती? वाटत नाही. तरी वही नेल्याची बोच जात नाही.

आणि तिथे आज माणसं राहतात, हेही खरं. त्यांच्या खिडक्यांत दिवे दिसतात. त्यांना छप्पर नको होतं, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझा आताचा तुकडाही कुणी तरी तुकड्यासाठी यादीत थांबलंय म्हणूनच टोचतो. तरीही सोडवत नाही.

नव्या जागेला हे सहावं वर्ष. वीतभर खणलं की अजून विटांचे तुकडे लागतात. मी ते वेचून कुंपणाशी रचते आहे.