पाहुण्यांची खोली आणि आखाजी

आज दिवसभर आम्ही जळगावच्या घरातली पाहुण्यांची खोली आवरली, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या येत आहेत आणि या सणाला सासुरवाशिणींनी माहेरी येण्याची खान्देशातली रीत आम्हाला फार प्रिय आहे. पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या या दिवसांत पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, म्हणून खाट पूर्वेकडे सरकवली. खिडकीत कूलर बसवला आणि समोरची खिडकी मुद्दाम उघडी ठेवली, कारण दमट हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत नुसती घुसमट होते. पाण्याचा माठ, धुतलेली गोधडी आणि रिकामे केलेले कपाट. यांपैकी कपाट मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ज्या घरात आत्या लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथे त्यांना पिशवीतून कपडे काढावे लागू नयेत.