उभी गाडी आणि सोलापूरचं ऊन

आज दोन महिने उभी असलेली गाडी उघडली. बॅटरी 11.8 व्होल्ट, म्हणजे जवळपास रिकामी. 12.4 च्या खाली गेली की चार्ज करायलाच हवी, नाहीतर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसून ती खराब होते. आपल्याकडच्या 42-43 अंशांत तर लवकरच. पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवून काही होत नाही, आठवड्यातून अर्धा तास विजापूर रोडला फिरवून आणा. जमत नसेल तर 10 नंबर पान्यानं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमला ब्रेकचे लायनर चिकटतात. गिअर टाकून चाकांना विटा लावा. प्लास्टिकचं कव्हर तर नकोच, आत ओल धरते. बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या दिसल्या तर वायरी तपासल्याशिवाय सेल्फ मारू नका.