११८ किलोमीटर, उलट्या दिशेने

रोड सायकलिंगचे मार्ग आखणं हे माझं काम. नकाशावर रेषा ओढायला तासभर पुरतो, ती रेषा टिकते की नाही हे रेकीच्या, म्हणजे स्वतः फिरून पाहणी करण्याच्या, दिवशी कळतं. हा लूप, म्हणजे निघालो तिथेच परत येणारा मार्ग, ११८ किलोमीटरचा होता. तीन घाट, मध्ये ओसाड पठार आणि शेवटी २४ किलोमीटरची नदीखोऱ्यातली हलकी उतरण. सकाळी रेकीला निघालो तेव्हा दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे होती. संध्याकाळपर्यंत ती उलटली.

आधी चढाईच्या आकड्याचा घोळ. मार्ग आखायच्या एका ऑनलाइन साधनावर एकूण चढाई २,४१० मीटर दिसत होती, दुसऱ्यावर २,७९०. अशी बरीच साधनं उंचीसाठी २००० सालच्या अंतराळ-रडार मोहिमेच्या जाळीवर विसंबतात. त्या जाळीचा एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा. अरुंद दरीत कड्याला चिकटून जाणारा रस्ता असेल, तर साधन रस्त्याऐवजी शेजारच्या कड्याची उंची वाचतं. बोगदा असला तर वरचा डोंगरच मोजतं, आणि प्रोफाइलवर (उंचीच्या आलेखावर) भाल्यासारखी टोकं येतात. अशी टोकं दिसली की त्या जागेचं उपग्रहचित्र उघडायचं. हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या माझ्या बॅरोमीटरने दिवसअखेर २,४३० दाखवले. अर्थात हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तरी बॅरोमीटरच्या उंचीत ८ मीटरचा फरक पडतो, म्हणून तोही आकडा डोळे झाकून घेत नाही.

एक गोष्ट नवखे विसरतात: बंद लूपची एकूण चढाई कुठल्याही दिशेने तेवढीच भरते. बदलतं ते एवढंच, की कुठला चढ कितव्या तासाला येतो आणि कुठला उतार कशा रस्त्यावर मिळतो.

मधल्या घाटावर हेच आडवं आलं. त्याची दक्षिण बाजू प्रोफाइलवर ९ किलोमीटर, सरासरी ५ टक्के. सोपी वाटते. पण मध्ये २ किलोमीटरचा उतार आहे, तिथे ८० मीटर उंची हातची जाते. म्हणजे खरी चढाई ५३० मीटर, तीही ७ किलोमीटरांत: साडेसात टक्क्यांच्या वर. सरासरी अशीच फसवते. प्रोफाइल किलोमीटर-किलोमीटर तोडून बघितल्याशिवाय घाटावर मत देऊ नये.

तरी हा चढ निभावला असता. अडचण पलीकडे होती. उत्तरेची बाजू साडेपाच किलोमीटर, त्यातला १.२ किलोमीटर जवळजवळ १४ टक्के, आणि नेमक्या तिथेच चार हेअरपिन. बाजू सावलीची, त्यामुळे दुपारी बारालाही डांबर ओलं, कडेला शेवाळ, वळणांच्या आतल्या अंगाला वाहून आलेली खडी. मूळ आखणीत हाच उतार होता. ८५ किलोचं ओझं (माणूस आणि सायकल मिळून) ४४० मीटर खाली येताना ३६० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा सुटते. काही हवा खाते, उरलेली ब्रेकमध्ये जाते. एवढ्या तीव्र वळणांवर हवेची मदत नगण्य. रिम ब्रेकवाल्याने (चाकाच्या कडेलाच, म्हणजे रिमला, घासणारा ब्रेक) सतत दाबून धरलं तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. असा रस्ता चढायला त्रासाचा, पण उतरायला धोक्याचा. मी त्रास निवडतो.

दुसरं कारण वाऱ्याचं. स्वच्छ उन्हाच्या दिवशी डोंगराळ खोऱ्यात दुपारी वारा खालून वर वाहतो. शेवटची २४ किलोमीटरची उतरण मी विश्रांती म्हणून धरली होती. तीन वाजता तिथे पोहोचलो तर १ टक्का उतारावरही पॅडल मारल्याशिवाय सायकल पुढे सरकेना. सहा तास थकलेल्यांच्या वाट्याला हे देणं बरोबर नव्हतं. उलट दिशेने हेच खोरं सकाळी, वारा पडलेला असताना, चढावं लागतं. पाय तापवायला उत्तम.

आता उलटं फिरवण्याची किंमत. १४ टक्के चढायचा तर गिअर बघावा लागतो. पुढे ३४, मागे २८ दातांवर मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ९.२ किलोमीटर, आणि त्या ८५ किलोंना सुमारे ३०० वॉट लागतात. मागे ३४ दाती असेल तर ७.६ किलोमीटर वेग आणि २५० वॉट. दहाएक मिनिटांच्या चढावर हा फरक मोठा. म्हणून सूचनापत्रात ११-३४ कॅसेट (मागच्या चाकाची, ११ ते ३४ दातांच्या चकत्यांची जुडी) लिहिली. सोबत इशाराही: पुढच्या ५०/३४ दातांच्या चेनरिंगसोबत डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेची) क्षमता (५०-३४) + (३४-११) = ३९ दात लागते, चेन ताणून धरणारा डिरेलरचा पिंजरा आखूड असेल तर त्याला ती सहसा झेपत नाही. चेनही लांब हवी. जुन्याच लांबीवर पुढची-मागची दोन्ही सर्वांत मोठी चकती लागली तर डिरेलर जिथे बसतो तो हँगर वाकतो.

वेळेचा हिशेब मी असा धरतो: घाटांतली १,९०० मीटर चढाई ताशी ६०० मीटरने ३ तास १० मिनिटं, ३३ किलोमीटर उतार ताशी ३० ने १ तास ६, खोरं १ तास १२, उरलेला ३२ किलोमीटरचा चढउतार दीड तास. सात तास, थांबे धरून आठ. त्यात पठारावरचे ३१ किलोमीटर पाण्याविना, आणि खोरं सोडताना शेवटचा नळ. तिथे ७५० मिलिलिटरच्या दोन्ही बाटल्या काठोकाठ भरायच्या. पठाराच्या सुरुवातीला एक डांबरी फाटा थेट खाली उतरतो. दुपारी एकपर्यंत तिथे न पोहोचलेल्याने तोच धरायचा.

शेवटचं काम फाइलचं. सॉफ्टवेअरमध्ये ‘उलट करा’ दाबलं की रेषा उलटते, पण डावी-उजवी वळणं सांगणाऱ्या सूचना बऱ्याचदा जुन्याच राहतात, म्हणून त्या नव्याने टाकल्या. जीपीएक्स (सायकलच्या जीपीएस यंत्रात टाकायची मार्गाची फाइल) ‘ट्रॅक’, म्हणजे आखलेली ठरीव रेषा, म्हणून पाठवली. ‘रूट’, म्हणजे फक्त मोजके टप्पे, दिला तर काही यंत्रं स्वतःच जवळचा रस्ता शोधून शेतातल्या कच्च्या वाटेवर नेतात. आणि फाइलचं नाव बदललं, कारण नाव तेच ठेवलं की निम्मे जण जुनीच उघडतात.