डिलूनाच्या चिठ्ठ्या

लेखापरीक्षणाच्या नोकरीत माझी तीस वर्षे गेली. त्या काळात एक गोष्ट पक्की समजली, ती अशी की किर्दीत खोटी नोंद करून केलेली चोरी उशिरा का होईना सापडते, परंतु पैसा किर्दीत येण्यापूर्वीच उचलला गेला असेल तर त्याचा कागदावर कुठेही माग राहत नाही. निवृत्तीनंतर अमेरिकेतील संघटित गुन्हेगारीचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा न्यूयॉर्क आणि शिकागोच्या गाजलेल्या टोळ्यांपेक्षा मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या सिव्हेला घराण्यात माझे मन अधिक रमले, ते याच कारणाने. ‘घराणे’ हा शब्द वापरताना जरा अवघडल्यासारखे होते, कारण आपल्याकडे तो किराणा आणि ग्वाल्हेरसाठी राखून ठेवलेला आहे. पण इथे भाऊ, पुतणे आणि एकाच वस्तीतील सिसिलियन वंशाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा सांभाळत असल्याने दुसरा शब्द सुचत नाही.

या घराण्याची मुळे राजकारणात आहेत. 1920 आणि 1930 च्या दशकांत कॅन्सस सिटीवर टॉम पेंडरगास्ट या डेमोक्रॅटिक पुढाऱ्याची सत्ता होती. त्याच्याकडे कोणतेही मोठे पद नव्हते, मात्र नगरपालिकेतील नोकऱ्या त्याच्या शब्दावर मिळत आणि शहरातील बांधकामांना काँक्रीटही त्याच्याच कंपनीचे लागे. शहराच्या उत्तर भागातील इटालियन वस्तीची मते त्याला मिळवून देण्याचे काम जॉन लाझिया करीत असे, आणि त्याच्या मोबदल्यात दारूबंदीच्या काळातही त्या भागातील दारू व जुगार यांकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नसे. 1932 मध्ये पोलीस दलाचा ताबा राज्याकडून शहराकडे आला, तेव्हा दलात कोणाची भरती करायची यातही लाझियाचा शब्द चालू लागला आणि शिक्षा भोगून आलेली माणसे गणवेशात दिसू लागली. 10 जुलै 1934 रोजी पहाटे आपल्या राहत्या हॉटेलसमोर गाडीतून उतरत असताना लाझियावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. पेंडरगास्टला बंदुकीने नव्हे, तर प्राप्तिकर खात्याने गाठले. 1936 च्या निवडणुकीतील खोट्या मतदानाबद्दल त्याच्या यंत्रणेतील 259 जण दोषी ठरले आणि 1939 मध्ये करचुकवेगिरीबद्दल तो स्वतः तुरुंगात गेला. त्याच वर्षी पोलीस दल पुन्हा राज्याच्या ताब्यात गेले. तेव्हापासून त्या दलावर राज्यपालाने नेमलेले मंडळ देखरेख करते.

ही प्रशासकीय तरतूद वाचायला रुक्ष वाटते, परंतु पुढचे रक्तरंजित प्रकरण तिच्यामुळेच घडले. शहरात खुला जुगार चालवायचा असेल तर आता महापौर हाताशी असून भागणार नव्हते, राज्यपालच हवा होता. म्हणून टोळीचा नवा राजकीय चेहरा चार्ल्स बिनाजिओ याने 1948 च्या निवडणुकीत फॉरेस्ट स्मिथ यांच्यामागे ताकद लावली. स्मिथ निवडून आले, पण पोलीस मंडळावर बिनाजिओला हवी तशी माणसे बसली नाहीत आणि ज्यांच्याकडून त्याने पैसे उचलले होते त्यांचा धीर सुटला. 6 एप्रिल 1950 च्या पहाटे बिनाजिओ आणि त्याचा साथीदार चार्ल्स गारगोटा हे दोघे ट्रुमन रोडवरील पक्षाच्या क्लबमध्ये मारलेले आढळले. ज्यांच्या नावाचा तो रस्ता होता, ते हॅरी ट्रुमन त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते, त्यांची राजकीय वाटचाल पेंडरगास्टच्याच आधाराने सुरू झाली होती आणि मृतदेहाच्या वर भिंतीवर त्यांचेच चित्र टांगलेले होते. ते छायाचित्र देशभर छापले गेले. सेनेटर एस्टेस किफॉव्हर यांची समिती त्याच वर्षी संघटित गुन्हेगारीच्या चौकशीला निघाली, तेव्हा तिने कॅन्सस सिटीही गाठली.

बिनाजिओनंतर सूत्रे हळूहळू निक सिव्हेलाच्या हाती आली. 1912 साली जन्मलेला हा माणूस शांत, मोजके बोलणारा आणि छायाचित्रकारांपासून लांब राहणारा होता. तरीही 1957 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ॲपलेकिन गावी देशभरातील टोळीप्रमुखांची जी बैठक पोलिसांनी उधळली, त्या प्रकरणात त्याचे नाव पुढे आले. 1960 मध्ये नेव्हाडा राज्याने कसिनोत पाऊल ठेवण्यास मनाई असलेल्या व्यक्तींची पहिली यादी काढली, तीत अकरा नावे होती आणि त्यांतली दोन निक आणि त्याचा भाऊ कार्ल यांची होती. म्हणजे ज्या लास वेगासने पुढे या घराण्याला पैसा पुरवला, तिथे म्होरक्याला दारातून आत जाण्याचीही मुभा नव्हती. त्याची त्याला गरजही पडली नाही.

सिव्हेलाची खरी पुंजी रॉय विल्यम्स हा माणूस होता. विल्यम्स ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेच्या कॅन्सस सिटी शाखेचा नेता होता, आणि याच संघटनेच्या मध्य अमेरिकेतील सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीत प्रचंड रक्कम साचत होती. वेगासमधील कसिनोंना बँका कर्ज देण्यास बिचकत, हा निधी मात्र देई. 1974 मध्ये ॲलन ग्लिक या सॅन डिएगोच्या तरुण जमीन व्यावसायिकाला स्टारडस्ट आणि फ्रिमाँट हे कसिनो विकत घेण्यासाठी या निधीतून 6 कोटी 27 लाख 50 हजार डॉलरचे कर्ज मंजूर झाले. विश्वस्तांची मते कुठून आली हे पाहिले की सगळा व्यवहार उलगडतो. ग्लिक मिलवॉकीच्या टोळीमार्फत आला होता, क्लीव्हलंडच्या टोळीने आपले वजन टाकले आणि विल्यम्सचे मत सिव्हेलाने मिळवून दिले. या मतासाठी सिव्हेला आपल्याला दरमहा 1500 डॉलर देत असे, अशी साक्ष विल्यम्सने पुढे न्यायालयात दिली. कसिनोतून येणाऱ्या पैशाच्या वाट्यावरून कॅन्सस सिटी आणि मिलवॉकी यांच्यात तंटा झाला, तेव्हा तो शिकागोने मिटवला आणि मध्यस्थीबद्दल चौथा हिस्सा स्वतःकडे ठेवला. ज्या ट्रकचालकांच्या म्हातारपणाची ही शिदोरी होती, त्यांना यातले काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

कागदोपत्री मालक असलेल्या ग्लिकला 1975 मध्ये कॅन्सस सिटीतील एका हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत नेण्यात आले. त्याच्या साक्षीनुसार, डोळ्यांवर प्रखर दिवा रोखलेला असताना समोरच्या माणसाने त्याला सांगितले की कर्ज मिळवून दिल्याबद्दल तो 12 लाख डॉलरचे देणे लागतो. तो माणूस निक सिव्हेला होता.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे चोरीची पद्धत. कसिनोचा गल्ला मोजला जाऊन त्याची नोंद झाली की त्यावर कर लागतो आणि भागीदारांना वाटा द्यावा लागतो. म्हणून मोजणीच्या आधीच काही रक्कम बाजूला काढायची, याला तिकडे ‘स्किम’ म्हणतात, जणू दुधावरची साय काढून घ्यावी तसे. स्टारडस्टमधील नाणेयंत्रांची नाणी मोजली जात नसत, तोलली जात. तराजूच असा बिघडवून ठेवला होता की वजन कमी भरावे. उरलेली नाणी कसिनोतील वेगळ्या खिडक्यांवरून ग्राहकांनाच सुटे म्हणून द्यायची आणि त्यांच्या नोटा घेऊन निघून जायचे. पुस्तके अगदी चोख राहत, कारण खोटी होती ती पुस्तके नव्हेत, तर तराजू. मे 1976 मध्ये राज्याच्या निरीक्षकांनी धाड घातली तेव्हा अशा रीतीने सुमारे 70 लाख डॉलर गेल्याचा अंदाज निघाला. मी नोकरीत असताना वजनकाट्याकडे कधी नजर टाकली होती का, असा विचार तेव्हा मनात आल्यावाचून राहिला नाही.

त्याच सुमारास घरच्या शहरात मात्र घराण्याचा तोल सुटत चालला होता. मिझुरी नदीकाठच्या जुन्या गोदामांच्या जागी उपाहारगृहे आणि दुकाने यांचा ‘रिव्हर की’ नावाचा टुमदार भाग उभा राहिला होता, आणि टोळीतील विली कॅमिसानो याला तिथे नग्ननृत्याचे बार आणायचे होते. विरोध करणाऱ्या एका व्यावसायिकाच्या वडिलांचा मृतदेह जुलै 1976 मध्ये मोटारीच्या डिकीत सापडला. मार्च 1977 मध्ये स्फोटांनी तिथले दोन बार उद्ध्वस्त झाले, ग्राहक फिरकेनासे झाले आणि तो सगळा भाग ओस पडला. याच काळात शहरातील गुन्हेगारी जगातले प्रतिस्पर्धी स्पेरो बंधू यांच्याशी वैर पेटले. एका भावाचा खून 1973 मध्येच झाला होता. मे 1978 मध्ये उरलेल्या तिघांवर एका दारूच्या गुत्त्यात गोळीबार होऊन एक ठार झाला आणि दुसरा कायमचा पांगळा झाला.

या गोळीबाराच्या तपासासाठी एफबीआयने व्हिला काप्री या उपाहारगृहात गुपचूप ध्वनिग्राहक बसवला. 2 जून 1978 रोजी अधिकाऱ्यांना तिथे खुनाऐवजी वेगळेच संभाषण ऐकू आले. निकचा भाऊ कार्ल आणि घराण्यातील दुसऱ्या क्रमांकाचा माणूस कार्ल डिलूना हे लास वेगासमधील कसिनोंच्या मालकीबद्दल आणि ग्लिकला बाहेर काढण्याबद्दल बोलत होते. खुनाचा तपास तिथून जुगाराच्या पैशाकडे वळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डिलूनाने ग्लिकला लास वेगासमधील एका वकिलाच्या कार्यालयात गाठले होते. कसिनो विकायला तयार न झाल्यास मुलांना एकेक करून मारले जाईल असे सांगताना त्याने खिशातून कागद काढून त्या मुलांची नावे आणि वये वाचून दाखवली, अशी ग्लिकची साक्ष आहे.

कागदावर लिहून ठेवणे ही डिलूनाची सवयच होती. 14 फेब्रुवारी 1979 रोजी एफबीआयने दोन कामे एकाच दिवशी केली. लास वेगासमधील ट्रॉपिकाना कसिनोतून उचललेला पैसा पोहोचवणाऱ्या कार्ल कारूसोला कॅन्सस सिटीच्या विमानतळावर 80 हजार डॉलर रोख रकमेसह पकडले, आणि डिलूनाच्या घराची झडती घेतली. त्या झडतीत चिठ्ठ्या, वह्या आणि कागदांच्या कपट्यांवर काटेकोर लिहिलेला हिशेब हाती लागला. कोणत्या तारखेला किती आले, कोणाला किती दिले, कोणाच्या भेटीत काय ठरले, प्रवासाला किती लागले, सगळे त्यात होते. नावांऐवजी टोपणनावे होती. ग्लिक म्हणजे ‘जीनियस’, शिकागोचा म्होरक्या जोसेफ आयुप्पा म्हणजे ‘22’, आणि गायक एन्रिको कारूसोच्या आडनावाचा धनी म्हणून पैसा वाहणारा कारूसो ‘सिंगर’.

इतका मुरलेला माणूस असे पुरावे घरात का ठेवील, असा प्रश्न अनेकांना पडतो. मला तो पडत नाही. चार शहरांचा पैसा ज्याच्या हातून जातो आणि ज्याला पावती मागताही येत नाही व देताही येत नाही, त्याच्यावर अफरातफरीचा संशय आला तर त्याचा जीव वाचवणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेला चोख हिशेब. डिलूनाने कसिनोच्या पुस्तकांतून पैसा गायब केला, पण त्या पैशाचे पुस्तक मात्र त्याने स्वतः लिहिले.

निक सिव्हेला यातल्या कोणत्याही निकालापर्यंत जगला नाही. 1970 च्या सुपर बोलवरील, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यावरील, सट्ट्याच्या प्रकरणात तो तुरुंगात जाऊन आला होता, नंतर लाचेच्या प्रकरणात पुन्हा गेला आणि कर्करोगामुळे सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांनी, मार्च 1983 मध्ये मरण पावला. ट्रॉपिकानाचा खटला त्याच वर्षी निकाली निघाला. स्टारडस्टचा खटला 1985 मध्ये कॅन्सस सिटीतच उभा राहिला, आणि आरोपींच्या पिंजऱ्यात शिकागो, मिलवॉकी व क्लीव्हलंडची बडी मंडळी होती. ज्यांनी आयुष्यात कधी कशावर सही केली नव्हती, त्यांच्या विरोधात न्यायालयात डिलूनाच्या चिठ्ठ्या एकामागून एक वाचल्या जाऊ लागल्या. डिलूनाने स्वतः गुन्हा कबूल केला, साक्ष मात्र कोणाविरुद्ध दिली नाही. जानेवारी 1986 मध्ये निकाल लागला आणि ‘22’ या आकड्यामागच्या जोसेफ आयुप्पाला 28 वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी तो 78 वर्षांचा होता.