उन्हाळी म्हणजे ऊन लागणं नव्हे

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात उष्माघाताचे ११ रुग्ण आले, असं माझ्याच तक्त्यात दिसत होतं. सोलापूरचं ऊन मला कुणी सांगायला नको. पण उष्माघात झालेला माणूस बरळतो, कोसळतो, त्याला उचलून आणावं लागतं. या ११ जणांपैकी एकही दाखल नव्हता. सगळे चालत आले आणि चालत घरी गेले. शंका आली म्हणून केसपेपर काढले, तर ९ जणांना लघवी तपासायला सांगितलेली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. उन्हाळी!

ज्यांच्याकडे हा शब्द नाही त्यांच्यासाठी सांगते. पाणी कमी पडलं की लघवीला आग होते, थेंब थेंब होते, ती उन्हाळी. आमच्याकडे मार्च लागला की घरटी एकाला तरी लागते, मग आई धन्याचं पाणी पाजते. तपासणीच्या टेबलावरच्या सिस्टरनी तक्रारीच्या रकान्यात ‘उन्हा’ एवढं टाइप केलं, खाली एकच ओळ आली, ‘उन्हाचा झटका’. मागे रांग दारापर्यंत. त्यांनी ती ओळ दाबली. आयसीडी-१० मधला, म्हणजे आजारांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतला, टी ६७.० लागला, उष्माघात. लागायला हवा होता आर ३०.०, लघवीला त्रास. चूक सिस्टरची नाही. टाइप केल्यावर खाली येणाऱ्या शब्दांची यादी माझी आहे, आणि मी तिथे ‘मूत्रदाह’ आणि ‘लघवीला जळजळ’ असे दोन शब्द घालून हात झटकले होते. मूत्रदाह म्हणत आजवर एक तरी पेशंट आलाय का?

मी मेडिकल रेकॉर्डमध्ये आहे. आजाराचे शब्द एकीकडे, त्यांचे क्रमांक दुसरीकडे, आणि मधला पूल बांधायचा, हे माझं काम. पुस्तकातली पद्धत सुंदर आहे. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात एका कल्पनेला एक क्रमांक असतो. ताप म्हणजे ३८६६६१००६, मग त्याला कुठल्या भाषेत काहीही म्हणा. नावं कितीही जोडा, क्रमांक तोच. भारत २०१४ मध्ये त्याचा सदस्य झाला, राष्ट्रीय केंद्र पुण्याला सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे, आपल्याला वापर फुकट. पण ‘नावं कितीही जोडा’ हे म्हणणं सोपं. ती नावं गोळा कोण करणार? सोलापूरच्या पूर्व भागातून येणारी बाई तेलुगूत सांगते, अक्कलकोटकडचा कानडीत, आणि सिस्टर ते मराठीत लिहितात, तेही सुचेल त्या ऱ्हस्व-दीर्घात.

सुरुवातीला मी सरळ विचारलं. सॉफ्टवेअरवाल्याकडून स्क्रीनवर ‘सूचना कळवा’ असं बटण करून घेतलं. चार महिन्यांत तीन सूचना आल्या. एकीत अक्षर मोठं करा, दुसरीत प्रिंटर चालत नाही, तिसरीत नुसतं ‘टेस्ट’. समोर जाऊन विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, ‘छान आहे की मॅडम.’ मग खिडकीवर दोरीला पेन बांधून वही ठेवली. आठवड्यात पेन गेलं, वहीत कुणीतरी चहाचा हिशेब लिहिला.

मग मी सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागले की, लोकांनी शोधलेले पण यादीत न सापडलेले शब्द मला काढून दे. दोन महिने ‘उद्या देतो’ झालं. अखेर एक्सेल आली आणि मी दुपारचा डबा विसरले. ‘ढाळ’. ‘वांती’. ‘दम भरतोय’. ‘कडुपु नोप्पी’ चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं. माझं माहेर पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं, आईला पोटदुखीचं हेच म्हणताना ऐकत मी मोठी झाले, आणि माझ्याच यादीत ते नव्हतं! एका ओळीत नुसतं ‘परत तेच’ होतं, ते कुणाचं हस्ताक्षर हे मला एक्सेलमध्येसुद्धा ओळखू आलं. मधे मधे पेशंटची नावंही होती, कारण घाईत लोक नाव चुकून त्याच रकान्यात टाकतात. ती आधी पुसली आणि पुढच्या वेळी अशी यादी बाहेर काढण्याआधीच गाळायला सांगितली.

पण या एक्सेलमध्ये ‘उन्हाळी’ नव्हती. शोध रिकामा गेलाच नव्हता ना, चुकीचं का होईना काहीतरी मिळालं होतं. असली चूक कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. म्हणून सोमवारी सकाळी दोन तास मी सिस्टरच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. कामात अडथळा म्हणून पहिल्या दिवशी बोलणी खाल्ली, दुसऱ्या सोमवारी चहा मिळाला.

तिथेच गॅसचं भांडण झालं. ‘गॅस झालाय’ असं दिवसातून वीस जण सांगतात, सिस्टरना एका टिचकीत ‘गॅस’ हवा होता. मी आर १४ ला, पोटफुगीला, जोडून द्यायला तयारही होते. तेवढ्यात एक आजोबा आले. ‘गॅस अडकलाय’ म्हणाले आणि मूठ ठेवली छातीच्या मधोमध. सिस्टरनी काही न लिहिता त्यांना उठवून ईसीजीला नेलं. संध्याकाळी आमचे फिजिशियन सर म्हणाले, “मॅडम, या शब्दाला नंबरच देऊ नका. तो आजार नाही, पेशंटचा अंदाज आहे.” तेव्हापासून ‘गॅस’ टाइप केलं की क्रमांक लागत नाही. छातीत, पोटात, की करपट ढेकर, असे तीन पर्याय येतात. सिस्टर अजून नाराज आहेत. एक टिचकी वाढली, आणि सोमवारी त्यांच्यासमोर दीडशे माणसं असतात. त्यांचं खरं आहे. तरी मी ते बदलणार नाही.

‘अंगावर जातंय’ हा शब्द तर मला मावशींनी दिला. मावशींना कॉम्प्युटरचं लॉगिन नाही, म्हणजे नियमाने त्या ‘वापरकर्त्या’च नाहीत. पण खिडकीवर पुरुष कारकून बसला की बायका ‘कंबर दुखतीय’ एवढंच सांगतात आणि आत जाताना खरं काय ते मावशींच्या कानात. पांढरं जातं की लाल, त्यावर क्रमांक बदलतो. पांढऱ्याचा एन ८९.८. मावशींनी मला आणखी सहा शब्द सांगितले. ते इथे लिहीत नाही, पण यादीत आहेत.

एका शब्दावर मी हरले. वडील गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळायची, आठवडा सरत जाईल तशी मोकळी व्हायची. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बायसिनोसिसची खूणच ती, क्रमांक जे ६६.०. आमच्या यादीत तो इंग्रजी नावाने होता, आणि माझ्या काळात कुणी एकदाही निवडला नव्हता. गिरण्यांच्या गावात! मी मोठ्या हौसेने ‘कापसाचा दमा’ हे नाव जोडलं. छातीच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत काढायला लावलं. “तो दमा नव्हे. दमा वाचला की पुढचा माणूस पंप लिहून देईल आणि काम काय करता ते विचारणारच नाही.” आता ‘कापूस-धुळीचा छातीचा आजार’ असं लांबलचक नाव आहे. कुणी टाइप करेल असं मला वाटत नाही.

वरच्या पातळीवरही हे चालतंच. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे त्या जागतिक यादीच्या नव्या आवृत्तीत, नाव नोंदवून कुणालाही बदल सुचवता येतो. अमेरिकेच्या वैद्यकीय ग्रंथालयाने १९८६ पासून उभा केलेला यूएमएलएस हा शब्दांचा महासंग्रह फुकट मिळतो, पण दर जानेवारीत त्याचा काय उपयोग केला ते लिहून द्यावं लागतं. मी तो फॉर्म आमच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीचे भोंगे ऐकत भरते. भरल्यावर तिकडे कोण वाचतं, देव जाणे.

म्हणूनच मी आमच्या भिंतीवर कागद लावला. कुठला शब्द आला, कुणी दिला, काय केलं. घेतला, दुसऱ्याला जोडला, किंवा नाकारला. नाकारला तर का तेही. ‘गॅस’समोर सिस्टरचं नाव आणि ‘नाकारला’ असं अजून आहे. मावशींनी आपल्या नावाचा फोटो काढून मुलीला पाठवला. त्यानंतर मला कुणाला विचारावं लागलेलं नाही, उलट जिन्यात अडवून शब्द देतात.

काल टेबलावर केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली चिठ्ठी होती: ‘उसण भरली. पाठीत का बरगडीत? दोन्हीकडे भरते. कुठं टाकू?’ सोमवारी स्टूल घेऊन जाते.