गुलाबी गळा आणि बर्फ

एका रोपवाटिकेला पुढच्या हिवाळ्याच्या कॅटलॉगसाठी मुखपृष्ठ हवं होतं आणि फोटो मी काढायचा होता. पिवळ्याधमक फुलांची महोनिया हे झुडूप, फांद्यांवर बर्फ आणि फुलासमोर हवेत थांबलेला गुलाबी गळ्याचा हमिंगबर्ड. डिसेंबर 2021 चा शेवटचा आठवडा. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये बर्फ पडून पारा शून्याच्या बराच खाली उतरला होता, म्हणजे निम्मी मागणी आभाळानंच पुरवली होती. रोपवाटिकेच्या ओळखीतल्या एका निवृत्त बाईंच्या परसात महोनिया ऐन बहरात होती आणि एक नर अ‍ॅनाज हमिंगबर्ड तिच्यावर मालकी सांगून बसला होता.

हा पक्षी मुळात इथला नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची वीण दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापुरती होती. पुढे बागांमध्ये बाहेरून आणलेली फुलझाडं आली, लोक साखरपाण्याचे फीडर टांगू लागले आणि हा उत्तरेकडे सरकत आला. वजन जेमतेम 4-5 ग्रॅम, तरी कडाक्यात इथेच राहतो. शिंजीर पाहिलेल्यांना वाटतं, हा त्याचाच भाऊबंद. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात आणि शिंजिरांचं कुळ अगदी वेगळं आहे.

उजाडायच्या सुमाराला पोहोचले तर बाई अंगणात हातमोजे घालून उभ्या.

"तो मेलाय हो," त्या म्हणाल्या. "आत घेऊन येऊ का? स्वयंपाकघर उबदार आहे."

फीडरच्या दांडीला पायांनी धरून पक्षी उलटा लटकला होता. डोळे मिटलेले, पिसं फुगलेली. मी त्यांना हात लावू नका म्हटलं. थंड रात्री अंगातली चरबी पुरवायची म्हणून हमिंगबर्ड शरीराची भट्टीच मंद करतात. एरवी शरीराचं तापमान 40 अंशांच्या आसपास असतं, ते या सुप्तावस्थेत 20 अंशांहूनही जास्त उतरू शकतं. उडताना मिनिटाला हजारापुढे जाणारे हृदयाचे ठोके पन्नासाच्या आसपास येतात. जागं व्हायला वेळ लागतो आणि त्या वेळात कधीकधी बोटांची पकड तशीच राहून पक्षी उलटा होतो. माणसं त्याला मेलेला समजून उचलतात. तसं न करता जागं होताच त्याला खायला मिळेल एवढं बघायचं.

खरी अडचण तिथेच होती, कारण फीडरमधलं पाणी गोठलं होतं. एक भाग साखर आणि चार भाग पाणी हे प्रमाण बरोबरच होतं, पण एवढ्या थंडीत तेही टिकत नाही. बाईंनी घरातला दुसरा फीडर भरून आणला आणि आम्ही तो शेजारच्या आकड्याला हळूच अडकवला.

माझ्या गाडीत चार फ्लॅश, स्टँड, डिफ्यूजर असा सगळा संसार होता. हमिंगबर्डच्या फोटोंची ही रुळलेली पद्धत आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी स्ट्रोबच्या, म्हणजे क्षणभर लखलखणाऱ्या दिव्याच्या, झोताने वेगवान गोष्टी थिजवून दाखवल्या, त्याच वाटेने आजचे फोटोग्राफर जातात. फ्लॅशची ताकद एक-बत्तिसांशावर आणली की झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा हलणारा पंखही पिसापिसानिशी थांबतो. मात्र बाकीचा उजेड पार दाबावा लागतो. उन्हातला पांढराशुभ्र बर्फ मागे असताना ते जमणार कसं? बर्फ काळा पडेल, नाहीतर पंखाभोवती भुतासारखी दुसरी रेघ उमटेल. त्यातून स्टँड रोवायचे म्हणजे फीडर आणि महोनियाच्या मधोमध, आणि रात्रभर उपाशी पक्ष्याला त्यांना वळसा घालून जावं लागणार. मी ते सामान गाडीतून काढलंच नाही.

वाट बघताना बुशटिट हे चिमुकले पक्षी आले. राखाडी, अंगठ्याएवढे, एकटे कधी न दिसणारे. आधी झुडपात किलबिल, मग बाईंनी टांगलेल्या चरबीच्या वडीवर अख्खी टोळी. जागा मिळाली नाही की एकमेकांच्या पाठीवर. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, वाढवून भराभर क्लिक केलं. खाली जुंको पक्षी बर्फ उकरत होते, चिकडी नावाची चिमणीएवढी पाखरं एकेक बी घेऊन पळत होती. लहान पक्ष्यांचं हेच मला आवडतं: लांब जावं लागत नाही, हलायचं मात्र नाही.

ऊन आलं तेव्हा हमिंगबर्ड थरथरू लागला. ही थरथर उडण्याच्या स्नायूंची, अंगात ऊब आणण्यासाठीची. बराच वेळ गेला, मग त्यानं एक डोळा उघडला, पाय सोडले आणि थेट नव्या फीडरवर गेला. बाईंनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच धरून ठेवले.

पोट भरल्यावर तो महोनियावर आला आणि माझं काम सुरू झालं. शटर सेकंदाच्या 1/3200 वर, आणि मेकॅनिकल. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर मी अशा वेळी टाळते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते चित्र ओळीओळीने वाचतं आणि पंख वाकडे होतात. या वेगाला पंखांची टोकं थोडी पुसट येतात. येऊ देत, तो उडतोय हे कळतं तरी.

गळ्याचं गणित निराळं. तिथला गुलाबी हा नुसत्या रंगद्रव्याचा रंग नव्हे. पिसांच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशातून तो उमटतो आणि तोही ठरावीक कोनात. सूर्य माझ्या पाठीशी आणि पक्ष्याचं तोंड माझ्याकडे असेल तर डोकं आणि गळा पेटतो. मान जराशी वळली की तेच डोकं कोळसा. बर्फावरून उसळणारा उजेड खालून मदत करत होता, पण फुलात चोच घालायची तर त्याला मान वळवावीच लागत होती. दुपारी झाडाची सावली फुलांवर आली तोवर माझ्याकडे काळ्या डोक्याच्या फोटोंचा ढीग होता. एका फ्रेममध्ये महोनिया, बर्फ, पक्षी सगळं होतं, आणि गळा निम्मा गुलाबी, निम्मा काळा. माझ्या मते तोच त्या दिवसाचा उत्तम फोटो.

रोपवाटिकेच्या डिझायनरने विचारलं, "उरलेला गुलाबी कॉम्प्युटरवर भरता येईल ना?" मी म्हटलं, भरता येईल, पण मग फोटोखाली माझं नाव घालू नका. थोडी ओढाताण झाली. अखेर मुखपृष्ठावर एकमेकांच्या पाठीवर चढलेले बुशटिट गेले आणि हमिंगबर्ड आतल्या पानावर, आहे तसा.

त्यांनी मार्चचंही काम दिलं. तेव्हा करंट नावाचं लाल फुलांचं झुडूप बहरतं आणि मेक्सिकोकडून रूफस हमिंगबर्ड परततात. त्यांचा गळा तांबडा-नारिंगी, पण चमकण्याची तऱ्हा तीच. 'गळा प्रत्येक फोटोत चमकेलच असं नाही' हे वाक्य मी या वेळी करारात आधीच घालून घेतलं.