नटांचे पोर्ट्रेट, अपडेट ४ : शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा चेहरा

मागच्या अपडेटला दोन महिने होऊन गेले, मधे गणपती आले, ऑफिसात हाफ इयरली क्लोजिंग आलं, पण काम थांबलं नव्हतं. बारापैकी सात जण झाले. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, पुण्यात नाटक करणारे बारा जण निवडलेत, प्रत्येकाचे घरातले फोटो आणि बाहेर शहरातले फोटो, स्टुडिओ नाही, फ्लॅश नाही. कॅमेरा तोच जुना क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे लहान सेन्सरचा, लेन्स ५० एमएम एफ १.८, म्हणजे फुल फ्रेमच्या, मोठ्या सेन्सरच्या हिशोबात साधारण ७५ ते ८०. बाहेर फिरताना ३५ एमएमची लेन्स. रिफ्लेक्टर म्हणून इस्त्री केलेली पांढरी चादर, ती खुर्चीच्या पाठीवर टाकली की काम भागतं.

यावेळी सेटिंग्जपेक्षा वेगळं काहीतरी सापडलंय, म्हणून जरा लांबण लावते.

सहावी बैठक एका ज्येष्ठ अभिनेत्रींची होती, सगळे त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणते. सत्तरी ओलांडली आहे, आयुष्यभर व्यावसायिक नाटक केलंय, महिन्याला पंचवीस तीस प्रयोग आणि दौरे असायचे असा तो काळ. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर घर, पूर्वेची मोठी खिडकी, सकाळी नऊला गेले. घरातले सगळे दिवे बंद केले, हे मी आता पहिल्या पाच मिनिटांतच करते कारण खिडकीचा उजेड, पांढरी ट्यूब आणि देवघरातला पिवळा बल्ब असे तीन रंग एका गालावर आले की नंतर कितीही व्हाइट बॅलन्स करा, म्हणजे रंगाची झाक काढा, एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते. खुर्ची खिडकीपासून तीनेक फुटांवर ठेवली. लांब नेली असती तर उजेड तर कमी झालाच असता, शिवाय चेहऱ्याच्या मानाने खिडकी लहान झाली असती आणि सावल्या कडक पडल्या असत्या, आणि या वयाच्या चेहऱ्यावर मला ते नको होतं. एफ २.८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं आणि शार्प भाग कमी. एफ १.८ मी आता घरात जवळपास सोडूनच दिलंय, एक मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम तीन सेंटिमीटर शार्प मिळतं, मान जरा वळली की जवळचा डोळा आहे आणि लांबचा गेला. दीड मीटर आणि एफ २.८ ला दहा सेंटिमीटरच्या आसपास मिळतं, त्यात माणूस श्वास घेऊ शकतो.

तर पहिले चाळीसेक फ्रेम काढले आणि मागच्या स्क्रीनवर बघितले. प्रत्येक फोटो चांगला होता आणि प्रत्येक फोटोतला चेहरा मोठा होता. म्हणजे भुवया वर, हनुवटी किंचित उचललेली, डोळे पूर्ण उघडे, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू सुद्धा बाल्कनीतल्या माणसाला दिसेल एवढं. मी दीड मीटरवर उभी होते आणि त्या माझ्या मागे पंचवीस तीस मीटरवर कुणीतरी बसलंय असं धरून बघत होत्या. मी म्हटलं, "ताई, अगदी साधं बसा, घरात बसता तसं." त्यांनी लगेच केलं की, घरात साधं बसलेली बाई करून दाखवली, ती सुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी. त्यात त्यांची काही चूक नाही. "सहज राहा" ही नटाला दिलेली एक सूचना असते आणि सूचना आली की नट ती करतो, ते त्यांचं काम आहे. हे वाक्य मी माझ्या तोंडातून कायमचं काढून टाकलंय.

मग झालं असं की आतल्या खोलीत त्यांची नात झोपली होती, तिनं कूस बदलल्याचा आवाज आला म्हणून मी एकदम हळू बोलायला लागले. फोटोचं काहीच डोक्यात नव्हतं, पोर उठू नये एवढंच. नाटकात पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हाचं काहीतरी विचारत होते, तेच पुढे कुजबुजत विचारलं. आणि ताई पण कुजबुजत उत्तर द्यायला लागल्या, आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर लहान झाला. भुवया खाली आल्या, जबडा सुटला, डोळे माझ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले, माझ्या पार जाईनात. आयुष्यभर समोरच्याचा सूर पकडून त्याच सुरात उत्तर द्यायची सवय, मी सूर खाली आणला तर त्यांनी सगळंच खाली आणलं. पुढच्या पंधरा मिनिटांत जे फोटो मिळाले ते या सगळ्या प्रोजेक्टमधले आत्तापर्यंतचे सगळ्यात चांगले आहेत असं मला मनापासून वाटतं.

घरी येऊन जुने फोल्डर परत उघडले. तिसरी बैठक आठवत असेल, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचला काम करणारा तो दादा, ज्याचे फोटो पहिल्या दहा मिनिटांत झाले होते आणि मी तेव्हा सगळं श्रेय त्याच्या घरातल्या उत्तरेच्या खिडकीला दिलं होतं. खिडकी चांगली होतीच. पण तो ज्या जागेत काम करतो तिथे प्रेक्षक इतके जवळ असतात की नुसती पापणी हलली तरी पोचते, त्याचा चेहरा मुळातच दीड मीटरच्या मापाचा आहे. आणि चौथ्या बैठकीतले काका, बालगंधर्व आणि टिळक स्मारक अशा मोठ्या नाट्यगृहांत उभं आयुष्य काढलेले, त्यांच्यासोबत मी अडीच तास झगडले होते आणि "काका कॅमेऱ्याला लाजतात" असं इथे लिहिलंही होतं. ते चुकीचं होतं, लाजत वगैरे काही नव्हते. मीच खणखणीत आवाजात "वा काका, मस्त, अजून एक" करत होते आणि ते माझ्याच आवाजाच्या मापाचा चेहरा देत होते. त्यांना फोन करून परत वेळ मागितली आहे, दिवाळीनंतर या म्हणालेत.

आता शहरातलं. ऑगस्टमधे एका कॉलेजच्या मुलाचे फोटो काढले, त्यांची एकांकिका पुरुषोत्तमला होती. बाहेरच्यांसाठी सांगते, पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि ऑगस्टमधे भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी असली की अख्खं कॉलेजविश्व तिथे बाहेर उभं असतं, घोषणा, गळ्यात गळे, रडणं, सगळं. पावसाळी ढगांचा उजेड फोटोला फार छान, आख्खं आकाशच सॉफ्टबॉक्स, म्हणजे स्टुडिओतला मऊ उजेडाचा दिवा, फक्त तो डोक्यावरून येतो म्हणून डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यावर उपाय, माणसाला कुठल्यातरी छपराच्या, पागोळीच्या कडेला उभं करायचं, वरचा उजेड अडतो आणि समोरून येणारा तेवढा उरतो, डोळ्यात पांढरा ठिपकाही येतो. विश्रामबागवाड्याच्या समोरच्या बाजूला मस्त जमलं. झाडाखाली मात्र नको, त्वचेवर हिरवट झाक येते आणि सावळ्या रंगावर ती नंतर काढणं फार किचकट आहे.

पण मुठेवरच्या झेड ब्रिजवर सगळं फसलं. संध्याकाळी साडेपाचला गेलो, मागे नदी, उजेड उत्तम, आणि तीन मिनिटांत आजूबाजूला दहाबारा पोरं उभी राहिली. मुलाला प्रेक्षक मिळाले. मी कितीही हळू बोलले तरी तो माझ्याशी बोलत नव्हता, त्या दहा जणांशी बोलत होता, आणि बोलणारच, वय वर्षं एकोणीस आणि समोर गर्दी. दीडशे फ्रेम, त्यातला एकही ठेवला नाही. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मंडईत बोलावलं, तिथे कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. कुठेही थांबायचं नाही असं ठरवलं. त्याला आईनं खरंच भाजीची यादी दिली होती, तो भाजी घेत होता आणि मी ३५ लावून शेजारून चालत होते, १/२५० आणि ऑटो आयएसओ, ३२०० च्या वर जाऊ द्यायचा नाही. कोथिंबिरीचा भाव ऐकून पैसे मोजतानाचा एक फोटो आहे, मागे मंडईच्या मधल्या अष्टकोनी इमारतीचं टोक अंधुक दिसतंय. त्यात तो नट दिसत नाही असं कुणी म्हणेल, पण एकांकिकेत बापाला हिशोब देतानाचा त्याचा जो प्रवेश आहे त्यातले हात आणि हे हात एकच आहेत, मी दोन्ही बघितलेत म्हणून मला ते दिसतं.

मेकअप रूममधला एक तांत्रिक मुद्दा, कारण तिथल्या फोटोत पट्टे का येतात असं दोघांनी मेसेज करून विचारलं होतं. आरशाभोवतीचे एलईडी बल्ब डोळ्यांना स्थिर दिसतात पण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे बल्ब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक, आवाज न करणारं) शटर आणि १/२५० ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५०, मग पट्टे जातात. अजून एक, जुने लोक अजूनही रंग खोबरेलानं उतरवतात. तेव्हाचा चेहरा मला फार आवडतो, अर्धा पात्राचा अर्धा त्यांचा, पण तेलामुळे कपाळावर पांढरे चट्टे येतात. पाऊण स्टॉप अंडर, म्हणजे थोडा काळसर काढा आणि बल्बांच्या समोर न बसवता कोपऱ्यात वळवा.

लहानपणी आमच्या घरी 'चंदेरी' या सिनेमाच्या मासिकाचे अंक यायचे आणि छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी काढलेले चेहरे मी तासन् तास बघत बसायचे. पहिले तीन महिने मी तोच मऊ, तेजाळ उजेड खिडकीतून ओढून आणायचा प्रयत्न करत होते. तो उजेड पडद्यावरच्या चेहऱ्यांचा होता, मी ज्यांच्याकडे जाते ते रंगमंचावरचे आहेत, दोघांचं माप वेगळं हे कळायला मला सात बैठका लागल्या.

आता ताईंचं पुढचं. प्रत्येकाला मी आठ बाय बाराचे दोन मॅट प्रिंट देते, एक माझ्या पसंतीचा आणि एक त्यांच्या. त्यांना सगळे निवडक फोटो टॅबवर दाखवले. कुजबुजतानाचे फोटो त्यांनी खूप वेळ बघितले, मग मागे गेल्या आणि पहिल्या चाळीसातला, भुवया वर असलेला, हनुवटी उचललेली, तो निवडला. मी विचारलं हा का. म्हणाल्या, "अगं, हळू बोलतानाची मी आमच्या घरच्यांना रोज दिसते. हा चेहरा मी कमावलाय. पन्नास वर्षं लागली त्याला. तो कुणाच्या घरात टांगलेला नाही."

मी निरुत्तर झाले. तोपर्यंत मी मनात मोठा चेहरा म्हणजे खोटा आणि लहान चेहरा म्हणजे खरा असं धरून चालले होते आणि पहिले चाळीस फ्रेम जवळजवळ डिलीट करणार होते. नशिबानं कार्ड रिकामं केलं नव्हतं. परत बसून बघितले. तो मोठा चेहरा दीड मीटरवरून जवळचा वाटतच नाही, कारण तो तिथून बघायचाच नाही. मी त्याला फार जवळून काढला होता.

म्हणून आठव्या बैठकीपासून पद्धत बदलतेय. प्रत्येकाचे दोन चेहरे घ्यायचे. आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शक्य असेल तर गच्चीवर किंवा जिन्याच्या खालच्या टप्प्यावरून, पाच सहा मीटर लांबून, मी मोठ्यानं बोलणार आणि त्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं, पूर्ण माणूस, हातापायांसकट. मग खुर्ची, खिडकी, दीड मीटर आणि हळू आवाज. लांबच्यासाठी एका मित्राची ८५ एमएमची लेन्स मागितली आहे, क्रॉपवर ती सव्वाशेच्या पुढे जाते, त्यामुळे हात हलून फोटो धूसर होऊ नये म्हणून शटर १/२०० च्या खाली उतरायचं नाही.

आठव्या बैठकीचा माणूस लोकनाट्यातला सोंगाड्या आहे, हडपसरला राहतो, उघड्या मैदानात हजार माणसांसमोर काम केलेला. त्याच्या घरी खोली लहान आहे पण समोर मोठं अंगण आहे म्हणाला. पुढच्या रविवारी सकाळी आठला जातेय. अंगणात ऑक्टोबरचं ऊन लवकर चढतं, तेव्हा लांबचे फोटो आधी आणि खोलीतले नंतर, असा क्रम ठरवलाय. ताईंचे दोन्ही प्रिंट मंगळवारी देऊन आले, मोठा त्यांनी हॉलमधे लावलाय, आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर, दारातूनच दिसेल असा.